घरट्याखालचं दिसत नाही

बापानं चोचीत पिल्लाची मान धरली तेव्हा मला वाटलं, तो त्याला सरळ करून राहिला. लहान लेकराची मान लुळी पडली की आपण हाताचा टेका देतोच. मी पोह्यांची बशी मांडीवर ठेवली आणि टीव्हीकडे वाकले. तो नुकताच बाहेरून आला होता. मान खाली घालून पोटातले मासे त्यानं घरट्यात ओकले होते आणि तीन पिल्लं त्या ढिगावर तुटून पडली होती. चौथं, सगळ्यात लहान, कापसाच्या बोंडाएवढं, मागं बसून नुसती चोच उघडत-मिटत होतं. त्यालाच त्यानं उचललं. ओलं फडकं झटकावं तसं झटकलं, पुन्हा झटकलं, मग काठाशी गेला आणि सोडून दिलं. काठावरच्या शेवाळाला चोच पुसली, परत आला आणि उरलेल्या तिघांजवळ एका पायावर उभा राहिला. मी वाट पाहत बसले. खाली काही पडल्याचा आवाज येईल, आई कुठून तरी धावून येईल, निदान ती तीन पिल्लं तरी मान वर करतील. पानं हलत राहिली. लांब कुठंतरी दुसरा एक पक्षी आपलं आपलं गाणं म्हणत होता. त्या लोकांनी कॅमेरा वर फांदीला बांधला आहे, त्याला घरटं तेवढं दिसतं. घरट्याखालचं दिसत नाही.

घरात कोणी नव्हतं. मनाली, माझी सून, बँकेत गेली होती, प्रविण ऑफिसात, नात गुंजन शिकवणीला. भंडाऱ्यात खात रोडवर तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये दुपारी एवढी शांतता असते की फ्रीज धापा टाकतो तोही ऐकू येतो. उठून कोणाला सांगायला जावं तर उठता येत नाही. माझा खुबा मोडला आहे. आणि मोडला कुठं, तर याच घराच्या न्हाणीत. पन्नास वर्षं मी गुडघाभर चिखलात उभी राहून धान रोवला, डोक्यावर पऱ्ह्याचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, भारे घेऊन बांधावरच्या ओल्या धुऱ्यावरून चालले, कधी पाय घसरला नाही. चार दिवस पाहुणी म्हणून लेकाकडे आले आणि चकचकीत फरशीवर पडले. लोखंड घातलं, टाके काढले, चालायला चार पायांचा तो सांगाडा दिला, आणि तेव्हापासून मी इथं खुर्चीत आहे. लाखांदूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझं घर आहे, बांधी आहेत, म्हणजे धानाची शेतं, बोडी आहे, म्हणजे आमचं लहानसं तळं, आणि तिथं चंदन आहे. धाकटा. इथं मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरट्यात पाहत बसते.

ते घरटं गुंजननं लावून दिलं होतं. आधी मनालीनं मालिका लावल्या होत्या, पण त्या मला पाहवत नाहीत, त्यातल्या सासवांना धड भांडताही येत नाही. मग पोरीनं काहीतरी बटणं दाबली आणि जंगल आलं. युरोपातला कुठला तरी देश, नाव तिनं सांगितलं, माझ्या जिभेवर ते बसत नाही. काळा करकोचा म्हणे. आमच्याकडे नुसतं ढोक म्हणतात. लाल चोच, लाल पाय, पाठ अशी काळी की उन्हात हिरवी-जांभळी चमकते, नवं लुगडं पहिल्यांदा उलगडावं तशी. अंडी होती तेव्हापासून मी पाहते आहे. आधी मला वाटलं, यात पाहण्यासारखं काय, एक पक्षी बसला आहे आणि बसलाच आहे. पण मीही बसलेलीच होते. त्या बाईनं ऊन डोक्यावर आलं की पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरलेली मी पाहिली. पाऊस आला की तशीच उभी, चोचीच्या टोकावरून थेंब गळतोय, डोळे मिटलेले. नवरा काटक्या आणायचा, तिला ती पसंत नसायची, ती उचलून दुसरीकडे खुपसायची. तेव्हा मी म्हटलं, बरोबर आहे, पुरुषांनी आणलेली वस्तू जागच्या जागी ठेवली असं कधी झालं नाही. तोवर मला तो बरा वाटत होता. माझ्या नवऱ्यापेक्षा, यादोरावांपेक्षा तरी बरा. यादोराव बाहेरून आले की आधी खाटेवर बसायचे.

संध्याकाळी सगळे आल्यावर मी सांगितलं. मनालीनं पर्स ठेवतानाच निकाल दिला. "असं कसं करंल तो, आई? काठावरून घसरलं असंल. तुमचा डोळा लागला असंल."

"डोळा लागला असता तर पोहे सांडले असते," मी म्हटलं. "बशी पाहा, तशीच्या तशी आहे."

"म्हणजे जेवल्याच नाहीत का तुम्ही?"

या घरात काही सांगायला गेलं की ते माझ्या जेवणावर, गोळ्यांवर, नाहीतर झोपेवर जाऊन संपतं. गुंजननं मात्र फोन काढला, ते मागं नेता येतं म्हणे, आणि पाहता पाहता तिचं तोंड उघडं राहिलं. "मम्मी, आजी खरंच म्हणून राहिली." मग तिनं खाली लिहिलेलं वाचून दाखवलं. खायला कमी पडेल असं वाटलं की बाप सगळ्यात कमजोर पिल्लू काढून टाकतो, म्हणजे बाकीचे जगतात. वाईट वाटलं तरी कोणी मध्ये पडायचं नाही, हा निसर्ग आहे.

"कोण हा निसर्ग?" मी विचारलं. "झाडावर तर त्याचा बाप होता."

"आजी, तसं नसते ना वो."

"कॅमेरा बांधाले माणूस चढला होता ना एवढ्या उंच? मग पडलेलं उचलाले काहून कोणी येत नाही? त्याले तर चढाचंही काम नाही. वाकाचं काम आहे."

पोरीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला अशा वेळी हात ठेवलेला आवडत नाही. प्रविण तोवर ताटावर बसला होता. त्यानं एकदा टीव्हीकडे पाहिलं, भाकरीचा घास वरणात बुडवला आणि म्हणाला, "चार पोटं भरणं होत नसंल, तर काय करंल तो बिचारा?" आणि तोच घास गिळता गिळता, "आई, त्या संस्थेवाल्यांचा फोन आला होता. एक जागा रिकामी झाली म्हणे."

संस्थेचं बोलणं माझा खुबा जुळायच्या आधीपासून चालू आहे. नागपूरच्या पलीकडं कुठंतरी, चंदनसारख्या मोठ्या माणसांसाठी. बाग आहे, डॉक्टर आहे, जेवण वेळेवर आहे. चंदन वेडा नाही. उशिरा बोलायला लागला आणि कमीच बोलतो, शाळेत दुसरीच्या पुढं टिकला नाही, त्याला पैसे दिले तर उरलेले परत आणायचे हे त्याच्या डोक्यात राहत नाही. एवढंच. त्याला वेडा म्हणणारा एक मास्तर आमच्या अंगणातून चहा न पिता परत गेलेला आहे. मी घरात असताना त्याचं सगळं सुरळीत होतं. मी सांगायची, तो करायचा. पाणी सोड, सोडायचा. बांध, बांधायचा. आता मी इथं, तो तिथं एकटा, शेजारच्या शकुनकडे दोन वेळ जेवतो. प्रविणचं म्हणणं, शेती ठेक्यानं देऊन टाकू, चंदनला संस्थेत ठेवू, घराला कुलूप लावू, तू इथं राहा. सगळ्यांची सोय. तो वाईट बोलत नाही, आवाजही चढवत नाही, लहानपणी मला माय म्हणायचा आणि भंडाऱ्यात आल्यापासून आई म्हणतो, तेवढाच काय तो फरक. चढ्या आवाजाला मला उत्तर देता येतं. या मऊ बोलण्याला काय द्यावं तेच कळत नाही.

"जागा रिकामी कशी झाली?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कोण गेलं?"

प्रविणनं वरणाची वाटी सरकवली. मनालीनं त्याच्याकडे पाहिलं. "आई, तुमच्यानंतर त्याचं कोण पाहील, हा विचार कराल का नाही कधी?" ती म्हणाली, आणि ते ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, वरणात मीठ कमी आहे.

त्या दिवसापासून मी त्या बापाकडे पाहणं बंद करायचं ठरवलं आणि जमलं नाही. तो आला की मी त्याला शिव्या द्यायची, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, तिसऱ्या मजल्यावर कोण ऐकतं. आणि शिव्या देता देता मला हेही दिसायचं की तो दिवसभर मासे आणतो आहे. तो वाळत चालला होता. बायको आली की तो जायचा, तो आला की बायको जायची, एकमेकांना दोन शब्द बोलायलाही उसंत नाही. उरलेली तिघं फुगत होती, ढकलाढकली करत होती, काठाकडे पाठ करून बाहेर शिटत होती, तेवढी शिस्त मी माणसांच्या पोरांतही कमी पाहिली आहे. चौथं असतं तर खरंच पुरलं नसतं. हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जीव चिडचिडत होता. पऱ्हे उपटताना मी स्वतः काय करते? जुडी बांधताना बारकी, पिवळी रोपं हाताला लागली की धुऱ्यावर फेकते, दुसऱ्या दिवशी ती वाळून दोरा होतात, त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. कोणी कॅमेरा बांधला असता तर लोकांनी मलाही शिव्या दिल्या असत्या. पण रोप वेगळं, असं मी म्हणायची, आणि मग स्वतःलाच विचारायची, का वेगळं, आणि तेवढ्यात पडद्यावर चक्र फिरायला लागायचं, घरटं थिजायचं, एक पिल्लू अर्धी चोच उघडून तसंच राहायचं. मी रिमोट आपटायची. मनालीला वाटायचं, सेल संपले.

चंदन झाला तेव्हा धानाची मळणी चालू होती. बाहेर बैल फिरत होते, आत मी. सुईणीनं त्याला हातात घेतलं आणि माझ्याकडे न देता सासूकडे दिलं, त्यावरूनच मला कळलं. प्रविण आणि माझी लेक रुपा जन्मले तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी, हा मांजरीच्या पोरासारखा एकदा बोलला आणि गप. कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. सासू म्हणाली, याला नाव ठेवू नका एवढ्यात. यादोराव दारापर्यंत यायचे आणि बाहेरूनच विचारायचे, आहे का? लेकाला पाहायला आत येत नव्हते. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही, आज त्या पक्ष्याला शिव्या देताना आला. मेलेल्या माणसाचा राग करता येत नाही, तो करून कुठं ठेवायचा. दूध ओढायची ताकद नव्हती, कापसाच्या वातीनं थेंब थेंब सोडायची मी. आणि दिवस जात नव्हते. मग सासूनं तो जुना उपाय काढला. आमच्याकडे लेकरू टिकत नसलं की त्याला उकिरड्यावर टाकतात. म्हणजे जगाला, आणि जो न्यायला येतो त्यालाही, दिसावं की हे नकोसं आहे, कोणाचं नाही, याला नेऊन काय करशील. मग दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या घरच्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं धान देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. आम्ही शेतवाले. शकुन मासेमाऱ्यांच्या घरची, मंगरूची बायको, नवीन लग्न होऊन आली होती, माझ्याहून लहान. तिला सांगून ठेवलं.

सकाळी मी त्याला सुपात घेऊन घरामागच्या सांदवाडीच्या टोकाला गेले. शेणाचा उकिरडा थंडीत वाफाळतो, तो वाफाळत होता. फोलपटं, राख, केळीचं पान, कोंबडी उकरत होती. सूप खाली ठेवायचं आणि मागं न पाहता घरात यायचं, असा नियम. मी ठेवलं. मागं पाहिलं नाही. पायऱ्यांपर्यंत आले आणि शकुन कुठं दिसेना. तिला बोडीवर जाळं सोडवायला उशीर झाला होता, हे नंतर कळलं. पायरीवर मी उकिरड्याकडे पाठ करून उभी होते आणि कोंबडीचा आवाज ऐकत होते. सासू आतून म्हणत होती, वळू नको. कोंबडी थांबली की माझा श्वास थांबायचा. एवढा वेळ मी कधी कशाला पाठ दाखवून उभी राहिले नाही, पोलीस आले तरी नाही. मग मागून पोरीचा आवाज आला, "अवो बाई, कोनाचं वो हे पोट्टं पडलं?" ठरलेलं वाक्य होतं, पण ती धापा टाकत होती आणि तिच्या हातांना माशांचा वास होता. तो वास चंदनला लागला. मी आंघोळ घातली तरी दिवसभर गेला नाही. मी शकुनला अर्धं सूप धान दिला, मळणी पुरी व्हायची होती. अजूनही तिच्याशी वाजलं की ती म्हणते, "अर्धाच घेतला तुमी इकत. अर्धा चंदन माझाच आहे." मी म्हणते, मग अर्ध्याला जेवू घाल. घालते.

मृग लागला आणि मी फोनवर फोन करायला लागले. चंदनला फोनवर बोलता येत नाही, तो कानाला लावतो आणि मान हलवतो. शकुनला विचारावं लागायचं. "पऱ्ह्याची जागा नांगरली का? शेण पडलं का? बी कुठं आहे सांग त्याले. दोन चुंगड्या भरून आहे, पांढरी चिंधी बांधली थे हलका, काळी चिंधी थे भारी."

"पाहू ना बाई. तुमी आराम करा."

"आराम तू कर. वरच्या बांधीत हलका, बोडीखालच्या बांधीत भारी. सांगितलं का?"

"सांगतो, सांगतो."

हलका धान लवकर पिकतो, वरची जमीन दिवाळीपर्यंत सुकते, म्हणून तिथं तो. भारी धान पाण्यात उभा राहतो, थंडीपर्यंत. ही दोन कुळं वेगळी, त्यांची पऱ्हे वेगळी टाकायची, मध्ये धुरा ठेवायचा. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण दरवर्षी बी मोजायला, भिजवायला, मोड आले का पाहायला मी उभी असायची, चंदन फक्त फेकायचा. त्याची फेक चांगली आहे, सारखी पडते. पण फेक म्हणजे शेती नव्हे. मी खुर्चीत बसून ते सगळं मनातल्या मनात करायची, भिजवायची, उपसायची, तनसाच्या पेंढ्याखाली झाकायची, आणि डोळ्यांपुढं ते परदेशी घरटं, ती पिल्लं आता उभी राहून पंख झाडायला लागलेली, कापूस गळून काळी पिसं फुटलेली. बाई घरट्यात थांबेनाशी झाली होती. यायची, ओकायची, पिल्लं तिच्या अंगावर धावायची तशी उडून जायची, बाजूच्या फांदीवर बसून लांबून पाहायची. मला ते पटत नव्हतं. एवढ्यात एकटं सोडायचं नसतं. मी गुंजनला म्हटलंही, ही बाई आळशी झाली. गुंजन म्हणाली, "आजी, ती मुद्दाम दूर बसून राहिली." मी म्हटलं, मुद्दाम काय, थकली असंल. थकणं मी माफ करते. मुद्दाम दूर बसणं मला समजत नाही.

आखाडात एका रविवारी प्रविण गावी गेला. ठेकेदाराला जमीन दाखवायची आणि चंदनला घेऊन यायचं, दोन दिवस इथं राहील, सवय होईल, मग संस्था, असं तो मला सांगून गेला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायला उभं राहावं लागतं. दुपारी दोघं आले. चंदन दारातच थांबला, पायाला पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, खाली नळावर धुवायचं त्याला सुचलं नाही, मनालीनं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि मग हसली. हातात पऱ्ह्याची एक जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. लोक भंडाऱ्याला येताना पेढे आणतात. तो माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि जुडी माझ्या मांडीवर ठेवली. त्याला वास येत होता, चिखलाचा आणि माशांचा. वाळला होता. काळा पडला होता. दाढी कोणीतरी नीट केलेली होती, मंगरूनंच केली असणार.

"आता दाखवच तिले," प्रविण उभ्या उभ्याच म्हणाला. "सांग काय केलं थे." रागात त्याची गावची बोली परत येते. "आई, दोन्ही चुंगड्या एका टाक्यात भिजवल्या यानं. हलका-भारी सगळं एक. एकच पऱ्ह टाकलं, एवढं मोठं. ठेकेदार पाहून हसला ना माझ्याकडे."

मी चंदनकडे पाहिलं. "काहून केलं असं?"

"उंदरं लागले होते माय. चिंध्या कुरतडल्या. सांडलं सारं."

"मग वेगळं काहून नाही केलं?"

"दिसत नाई ना वेगळं." त्यानं थोडा विचार केला. "तूच म्हनते, बी ठेवू नोको, वाया जाते. टाकून देलं."

मी जुडी सोडली. रोपं चांगली होती, हिरवी, जाड बुडखा, मुळं पांढरी. चष्मा घातला. एकेक वेगळं करून तळहातावर घेतलं, पान उलटं केलं, बोटांनी दाबलं. पन्नास वर्षं या धानात गेली आणि त्यातलं हलकं कुठलं, भारी कुठलं, मला सांगता येईना. कोणालाच येत नाही. निसवल्यावर कळतं, लोंबी बाहेर आल्यावर. तोवर सगळी सारखीच. हलका पिकेल तेव्हा भारी हिरवाच असेल, त्याला पाणी ठेवावं तर हलका पाण्यात पडून सडेल, पाणी काढावं तर भारी पोचट होईल. असा गोंधळ मी कधी केला नाही, कोणाच्या शेतात पाहिलाही नाही. मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच हात उचलला होता, आणि हातात रोपं होती.

"म्हणून म्हणतो," प्रविण आता पुन्हा मऊ झाला, "ते पऱ्ह मोडू. ठेकेदाराजवळ त्याचे पऱ्हे आहेत, तयार. हा वर्षभर तरी सांभाळला जाईल कुठंतरी. तू पाहिलं ना, याच्यानं नाही होत."

टीव्ही चालूच होता. घरट्यात एक पिल्लू उंच उडी मारत होतं, पंख फडफडवून पुन्हा तिथंच पडत होतं. चंदननं मान वळवून पाहिलं. "ढोक होय," तो म्हणाला. "बोडीवर येते थो. थंडीत." मग थोडं पाहून, "अजून इथंच आहेत?" गुंजन हसली. तो हसला नाही, त्याला खरंच त्यांची काळजी वाटत होती, की ही एवढी लांब कुठं अडकली.

"रोवाले कोण आहे तुझ्यासंगं?" मी त्याला विचारलं. का विचारलं, माहीत नाही. प्रविणला उत्तर द्यायचं सोडून मी हे विचारलं.

"शकुनमाय आहे. मंगरूबा आहे. रंजू आहे, शकुनमायची मैत्रीन." तो बोटं दुमडत होता. "मी त्यांच्या बोडीतली बेशरम काढून देलो. जाळं अडकत होतं. मग थे रोवतील मले."

"कोणी सांगितलं असं?"

"कोनी नाई."

बेशरमचं झुडूप पाण्यात उभं राहून मुळासकट काढायचं म्हणजे काय, हे फरशीवर राहणाऱ्यांना कळायचं नाही. मी सांगितलं नव्हतं. शकुननं फोनवर मला सांगितलं नव्हतं. माझ्या पाठीमागं त्यांनी आपसात कामाची अदलाबदल ठरवली, आणि मी इथं खुर्चीत बसून मनातल्या मनात बी भिजवत होते. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जे वाटलं ते रागासारखंच होतं.

"मी येतो रोवणीले," मी म्हटलं. "प्रविण मले गाडीनं सोडंल. धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. कुठलं कुठं लावाचं, पाणी किती ठेवाचं, थे सांगाले पाहिजे ना कोणीतरी."

"तू नोको येऊ," चंदन म्हणाला. "चिखल आहे. पडशील." आणि मांडीवरची रोपं तो गोळा करायला लागला, माझ्या हातातून एकेक सोडवून, बुडखे सारखे करून, पुन्हा जुडी बांधायला.

त्याच्या आयुष्यात त्यानं मला पहिल्यांदा नको म्हटलं होतं. प्रविण काहीतरी बोलत होता, मनाली त्याला थांब म्हणत होती. मी चष्मा काढला.

"प्रविण, त्या ठेकेदाराले फोन लाव. म्हणा, जमीन नाही द्याची."

"आई, अवो पण त्या पऱ्ह्याचं..."

"दोन्ही एकत्र रोवले जातील. निसवलं की आधी हलका वेचून कापाचा, विळ्यानं, लोंबी-लोंबी. भारी उभा ठेवाचा. दोनदा कापावं लागंल. माणसं दुप्पट लागतील, आणि निम्मा सांडंल. सांडू दे."

"हे कोणी करते का?"

"नाही करत. लोक हसतील. तुझा ठेकेदार तर हसूनच राहिला आहे. आणि संस्थेवाल्याले सांग, ती जागा दुसऱ्या कोणाले दे म्हणा."

"आणि पुढं?" प्रविण म्हणाला. तेच, तसंच मऊ. "तुझ्यानंतर?"

"पुढं तू फोन करजो शकुनले. मी करतो तसा. मान खाली घालून ऐकून घेजो, थे काय म्हणते थे." एवढं बोलून मला धाप लागली. उत्तर नव्हतं ते, मला माहीत होतं. पण माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि प्रविण खिडकीपाशी गेला आणि फोन लावला. तो बोलत असताना मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. थकलेली पाठ होती. हाही माझाच आहे, आणि याला मी कधी उकिरड्यावर ठेवलं नाही, याची कधी गरजच पडली नाही, म्हणून याच्याकडे कधी एवढं पाहिलंही नाही.

चंदन जेवला. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, मनालीनं वाढल्या. मग उठून म्हणाला, बस आहे. प्रविण म्हणाला, राहा आज, उद्या गाडीनं सोडतो. तो म्हणाला, नाई, पानी पाहाचं आहे, रात्री धुरा फुटते. एकट्यानं यष्टीत बसून तो कधी लाखांदूरपर्यंत गेलेला नाही. मी म्हटलं, खिडकीशी बस, झोपू नोको, आपला फाटा आला का कंडक्टरले सांग. त्यानं मान हलवली, फोनवर हलवतो तशी. गुंजन त्याच्यासोबत स्टँडपर्यंत जायला निघाली. फरशीवर त्याच्या टाचांचे चिखलाचे ठसे दारापर्यंत होते, मनाली फडकं घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून तशीच परत गेली. दारात त्यानं चपला घातल्या, आधी डावी उजव्या पायात, मग काढून सरळ. जुडी काखेत. मी सांगाडा धरून उठून उभी राहिले होते, कारण तो आता विचारेल, माय, तू कधी येशील, असं मला वाटलं, आणि ते उत्तर मी तयार ठेवलं होतं, कडक, चार शब्दांचं, की रडायचं काही कारण नाही. तो जिना उतरायला लागला. खालच्या मजल्यावरून त्याचा आवाज आला, गुंजनला सांगत होता, बोडीत यंदा मासे किती आहेत. मग तो आवाजही येईनासा झाला. त्यानं विचारलंच नाही.